मोठेपणी कोण होणार?

गणपतीला गावी, गंगाखेडला गेलो होतो. एक बालमित्र जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी आहे. म्हणाला, "पुण्याहून आलायस, तर पोरांशी बोल जरा." शनिवारची सकाळची शाळा, चौथीचा वर्ग. मी नेहमीचाच प्रश्न टाकला, मोठेपणी कोण होणार? डॉक्टर, पोलीस, कलेक्टर, इंजिनियर. मी चौथीत असतानाही हीच यादी होती!

मग एका मुलीने विचारलं, "सर, तुम्ही काय बनवता?"

"बनवत नाही गं, दुसऱ्यांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो."

"मग बनवतं कोण?"

घ्या! इंजिनियर व्हायचं हे मी सातवीतच ठरवलं होतं, पण इंजिनियर दिवसभर करतो काय, हे पहिल्या नोकरीत कळलं.

गंगाखेडपासून परभणी जेमतेम 40 किलोमीटर. तिथे 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे. 'परभणी क्रांती' ही भेंडीची जात तिथलीच, पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या रोगाला सहसा दाद न देणारी. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी शेती, भेंडी सगळ्यांच्या ताटात. पण बियाणं तयार करणं हे कुणाचं तरी काम असतं, त्यासाठी कॉलेज असतं, हे एकालाही ठाऊक नव्हतं. (मला तरी कुठे होतं?)

2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना आहेत. सुतार, माळी, कुंभार अशांकडे जाऊन काम शिकायचं. कल्पना झकास. पण सहावीपर्यंत थांबायचं कशाला? शहरात सहावीपासून फाउंडेशनचे क्लास सुरू होतात आणि यादी दोन परीक्षांवर येते. आणि आमच्याकडे दसरा झाला की काही मुलांचे आईबाप ऊसतोडीला निघतात, कधी मुलांनाही सोबत नेतात. त्यातली सगळीच सहावीत पोचत नाहीत. मग त्यांना कॉलेज दाखवायचं कधी?

चौथीच्या पोरांना करिअर गायडन्सचं लेक्चर द्या असं मी म्हणत नाहीये. माझ्या लेक्चरचं काय झालं ते वर सांगितलंच. नुसतं नेऊन दाखवा. प्रयोगशाळा, रोपवाटिका, तिथे काम करणारी माणसं.

मित्र म्हणाला, "बोलणं सोपंय रे. परवानगी कोण काढणार, गाडीचं भाडं कोण देणार?" परवानगी त्याने काढायची, भाडं मी द्यायचं, असं ठरलंय. जायचं दसऱ्याच्या आत, सगळी मुलं गावात असताना.

त्या मुलीला उत्तर द्यायचं अजून बाकी आहे.