थट्टेच्या आडचा अपमान

पुण्या-मुंबईची हॉटेले, मॉल, ब्यूटी पार्लर येथे मणिपूर, नागालँड, मिझोराम, अरुणाचल या राज्यांतून आलेली अनेक तरुण मुले-मुली काम करतात. त्यांच्या चेहरेपट्टीवरून 'चिंकी' अशी हाक मारली जाते. 'मोमो' हे टोपणनाव पडते. नाव अवघड वाटते म्हणून परस्पर 'स्वीटी' ठेवले जाते. जेवणाच्या सुट्टीत डब्याकडे पाहून 'तुम्ही लोक कुत्रा खाता ना?' असे विचारले जाते. कोणी हरकत घेतलीच तर उत्तर तयार असते: 'गंमत केली, एवढं काय मनाला लावून घेतेस?'

ही गंमत निरुपद्रवी नाही. ऑगस्ट 2012 मध्ये हल्ल्याच्या अफवा उठताच बंगळूर-पुण्याहून ईशान्येकडील हजारो माणसे मिळेल त्या गाडीने गावाकडे निघाली. शेजारी आपल्या पाठीशी उभा राहील हा भरवसाच त्यांना नव्हता. जानेवारी 2014 मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याची टिंगल झाली, त्यातून मारहाण झाली आणि त्याचा अंत झाला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने वांशिक अवमानाविरुद्ध दंडसंहितेत स्वतंत्र कलमे घालण्याची शिफारस केली. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, पण ती कलमे तिच्यातही आली नाहीत. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत समिती असलीच पाहिजे, असे 2013 चा कायदा सांगतो. वंशावरून होणाऱ्या अपमानासाठी असे कोणतेही बंधन मालकावर नाही. कंत्राटावरची, मालकाने दिलेल्या खोलीत राहणारी मुलगी मग गप्प बसते. त्या गप्प बसण्याला संमती समजणे हा दुसरा अपमान होय.

येथे एक अप्रिय सत्य मान्य केले पाहिजे. टिंगल करणारा बहुधा मालक नसतो. तो तेवढाच पगार घेणारा सहकारी असतो. मुंबईच्या कामगार चळवळीला हे नवे नाही. गिरण्यांच्या विणकाम खात्यात पगार बरा होता, पण तेथे सूत तोंडाने ओढावे लागे, आणि सवर्ण कामगारांना विटाळ चालत नसे. म्हणून अस्पृश्य कामगाराला ते खाते बंद होते. 1928 च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कामगार पुढाऱ्यांनी तो नाखुशीनेच मागण्यांत घेतला. 1938 मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे बजावले. पहिल्या शत्रूकडे डोळेझाक करून दुसऱ्याशी लढता येत नाही, हा त्याचा अर्थ आजही शिळा झालेला नाही.

'वेतन आणि कंत्राटीकरण हे मोठे प्रश्न असताना शब्दांचा कीस कशाला?' असे काही कार्यकर्ते विचारतील. परंतु जिला वर्षभर तिच्या नावानेही कोणी हाक मारली नाही, ती संपाच्या दिवशी फाटकापाशी कोणाच्या भरवशावर येईल?

तेव्हा उत्तर देण्याचे ओझे अपमानित व्यक्तीवर टाकणे प्रथम थांबले पाहिजे. शेजारी उभ्या असलेल्या कामगाराने तेथल्या तेथे, आवाज न चढवता म्हणावे, 'तिला नाव आहे, त्या नावाने हाक मार.' नंतर तिला एकांतात विचारावे की तिला काय हवे आहे, आणि तिच्या इच्छेबाहेर प्रकरण पुढे रेटू नये. तारीख, वेळ, नेमके शब्द आणि साक्षीदार यांची नोंद ठेवावी. तक्रार करायचे ठरल्यास ती लेखी आणि युनियनच्या नावाने जावी, म्हणजे सूड एकटीवर उगवला जाणार नाही. अपमान गिऱ्हाइकाने केला तर मालकाने कामगाराची बाजू घेतली पाहिजे. वंश, जात, भाषा यांवरून केलेला अवमान हे गैरवर्तन ठरावे, असे कलम पुढील वेतनकरारात मागितले पाहिजे.

आणि ही शिस्त आधी युनियनच्या कचेरीत लागू व्हावी. चहाच्या वेळी होणारे विनोद तेथेही ऐकू येतात. त्यांवर हसणे थांबवण्यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.