पत्र्याच्या पेटीतला इतिहास वाचवा!

पेशव्यांच्या कारभाराचे कोट्यवधी कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात जपलेले आहेत. सरदार-इनामदारांच्या वंशावळी आणि सनदा छापून निघाल्या. मात्र याच पुण्यात १९२९ मध्ये पर्वतीच्या मंदिर प्रवेशासाठी सत्याग्रह झाला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज अशा पुढाऱ्यांची नावे इतिहासात आली. त्यांच्यामागे चालणाऱ्या सामान्य माणसांची नावे कोणत्या दप्तरात शोधायची?

ती आपल्याच घरातल्या पत्र्याच्या पेटीत शोधावी लागतील. आजोबांचा खडकीच्या कारखान्याचा पास, पलटणीतून सुटल्याचा दाखला, शेड्युल्ड कास्ट फेडरेशनची वर्गणीची पावती, धम्मदीक्षेच्या वेळचा फोटो याला आपण रद्दी समजतो. प्रस्थापितांनी आपला इतिहास लिहिला नाही, ही तक्रार रास्तच आहे. पण घरचा पुरावा आपणच वाळवीच्या हवाली केला, तर उद्याच्या संशोधकाने लिहायचे कशाच्या आधारावर? चांगदेव खैरमोडे यांनी आयुष्यभर कागद जमवले, म्हणून बाबासाहेबांचे खंडात्मक चरित्र उभे राहिले. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या बायकांना गाठून बोलते केले, म्हणून १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक आले.

प्रश्न केवळ अभिमानाचा नाही, हक्काचाही आहे. अनुसूचित जातीच्या दाखल्याची पडताळणी करताना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला नसेल, तर नातवाची फरफट होते.

पुण्यात पाण्याचा धोकाही आहेच. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले. २७ सप्टेंबर २०१८ ला मुठा कालव्याची भिंत खचून दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत पाणी घुसले. पुढच्याच वर्षी आंबिल ओढ्याने थैमान घातले. अशा वेळी माणूस आधी लेकरांना उचलतो, पेटी मागेच राहते.

म्हणून आजच काही गोष्टी करा. फोटोतल्या माणसांची नावे, गाव आणि साल घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा, बॉलपेनने नको. ‘अमक्याची बायको’ एवढेच लिहू नका, आजीचे स्वतःचे नाव लिहा. जुन्या दाखल्याला लॅमिनेशन करू नका, ते पुन्हा काढता येत नाही. चिकट पानांच्या अल्बममध्ये आणि ओलसर भिंतीवर मूळ फोटो ठेवू नका, भिंतीवर प्रत लावा. पेटी जमिनीवर न ठेवता उंचावर ठेवा. प्रत्येक कागद स्कॅन करा, ते जमत नसेल तर उजेडात मोबाईलने स्वच्छ फोटो घ्या. त्याच्या प्रती तीन ठिकाणी असू द्या, एक तरी दुसऱ्या गावी नातेवाइकाकडे. पेन ड्राइव्ह कायमचा नसतो, दरवर्षी उघडून तपासा. कोणी अभ्यासक आला तर प्रत जरूर द्या, मूळ कागद हातचा सोडू नका.

प्रत्येक विहार समितीने वर्षावासात एक रविवार या कामासाठी राखावा. वस्तीतली शिकलेली पोरे स्कॅनर घेऊन बसतील, म्हातारी माणसे नावे सांगतील. खर्च फारसा नाही. मात्र नावे सांगणारी पिढी झपाट्याने चालली आहे, तिच्यासाठी पुढच्या वर्षाची वाट पाहता येणार नाही.