परक्या शहरातील पहिला धक्का

परदेशातील एखादे ऐतिहासिक शहर प्रथमच पाहताना मनाला बसणारा धक्का हा प्रवासवर्णनाचा आवडता विषय आहे. मात्र या धक्क्यालाच निष्कर्ष मानण्याची घाई लेखकाने करू नये, असे माझे मत आहे.

इस्तंबूलचे उदाहरण घ्या. तेथील टोपकापी राजवाड्याच्या महाद्वारासमोर सुलतान तिसरा अहमद याने १७२८ साली बांधलेली देखणी पाणपोई आहे. तिच्या भिंतींवर काव्यपंक्ती कोरल्या आहेत. त्यांची भाषा तुर्की, पण लिपी अरबी आहे. शेजारून जाणाऱ्या तुर्की तरुणाला त्या बहुधा वाचता येत नाहीत. कारण १९२८ च्या कायद्याने तुर्कीसाठी रोमन वर्णमाला स्वीकारली गेली. सभोवार जुन्या मशिदींचे मिनार आणि दुकानांवर रोमन पाट्या, हे दृश्य नवागताला चक्रावून टाकते. ‘या लोकांनी आपला वारसा टाकून दिला’, असा अभिप्राय चटकन मनात उमटतो.

येथे क्षणभर थांबावे. लिपीबदलामागे साक्षरता वाढावी हाही हेतू होता, हे ध्यानात घ्यावे. मग तुर्की शब्द कान देऊन ऐकावेत: ‘दुक्कान’, ‘मेयदान’, ‘शेहिर’, ‘देफ्तेर’. हे शब्द आपल्याही मराठीत आहेत. ‘देफ्तेर’ म्हणजे वही. तो शब्द ऐकून आपल्याला पुण्याचे पेशवे दफ्तर आठवायला हवे. त्यातील असंख्य कागद मोडी लिपीत आहेत आणि आज मराठीचे किती पदवीधर ते वाचू शकतात? मोडी एका कायद्याने गेली नाही. छपाईला देवनागरी सोयीची ठरली, पुढे मोडी शाळांतूनही गेली आणि आपण ती हळूहळू विसरलो. परिणाम मात्र तोच झाला. पणजोबांच्या काळचे खरेदीखत घरात असते आणि ते वाचण्यासाठी जाणकार शोधावा लागतो. तुर्की तरुणाविषयी आपल्याला वाटलेली कीव मग कितपत रास्त ठरते?

म्हणून प्रवासवर्णन अभ्यासताना लेखकाला कशाचे आश्चर्य वाटले, एवढेच टिपून थांबू नका. त्या आश्चर्यामागे त्याची कोणती गृहीते होती, ती पुढे त्याने तपासली का आणि परक्यांना लावलेला निकष स्वतःच्या समाजालाही लावला का, हे प्रश्न प्रत्येक प्रवासवर्णनाला विचारा.