पाचामुखी परमेश्वर, पण हे पाच कोण?

जनसुनावणी हा शब्द मला फसवा वाटतो. सुनावणी म्हटले की दोन बाजू आल्या, पुरावा आला, उलटतपासणी आली आणि शेवटी निकालही आला. वाढवण बंदराची जनसुनावणी १९ जानेवारी २०२४ रोजी झाली तेव्हा लोक बोलले, अधिकाऱ्यांनी ऐकले, कॅमेऱ्याने टिपले. निकाल मात्र तिथे लागायचाच नव्हता. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेत सुनावणीची सारी कार्यपद्धती लिहिलेली आहे. जिल्हाधिकारी किंवा निदान अपर जिल्हादंडाधिकारी दर्जाचा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्षस्थानी बसतो, सोबत प्रदूषण नियंत्रण मंडळाचा माणूस असतो, इतिवृत्त वाचून दाखवतात आणि ते वर पाठवतात. गणपूर्तीची अट नाही. चार माणसे आली तरी सुनावणी होते आणि चार हजार आली तरी तिचे वजन तेवढेच.

यावरून मला आपल्याकडून कधीच हद्दपार झालेल्या एका संस्थेची आठवण होते, ती म्हणजे ज्युरी. आपली मुले-नातवंडे न्यू जर्सीत वा लंडनला स्थायिक झाली, तिथले नागरिक झाली, की एक दिवस त्यांना न्यायालयाचे पत्र येते: अमुक तारखेला हजर राहा. यादीतून चिठ्ठी निघावी तसे नाव निघालेले असते. सुरुवातीला चिडचिड होते, रजेचा प्रश्न पडतो, पण परत आल्यावर तीच मंडळी दिवसभराची हकीकत रंगवून सांगतात. एका अनोळखी माणसाच्या दोषादोषाचा निर्णय आपल्यावर सोपवला होता, ही गोष्ट माणसाला थोडी सरळ करते.

आपल्याकडे कायदा सामान्य माणसाला असे कधी बोलावतो? साक्षीदार म्हणून, नाहीतर पंच म्हणून. पंचनाम्यावर सही करायला मला दोनदा बोलावणे आले आहे. शब्द तोच, 'पंच', पण त्याचा अर्थ किती आक्रसला पाहा! एके काळी पंच निर्णय देत. आता पोलिसांनी लिहिलेल्या मजकुराखाली सही करतात. सही केल्यावर पुढची काही वर्षे न्यायालयाच्या फेऱ्या. म्हणून रस्त्यात पोलीस दिसला की लोक दुसऱ्या गल्लीत वळतात. त्यांना दोष कसा द्यावा?

मराठी माणसाला ज्युरी हा शब्द ठाऊक आहे तो टिळकांमुळे. १९०८ च्या खटल्याच्या शेवटी टिळक जे बोलले ते मुंबई उच्च न्यायालयाच्या मध्यवर्ती दालनात शिलालेखावर कोरले आहे, आणि त्यात ज्युरीचाच उल्लेख आहे. ज्युरीने दोषी ठरवले तरी मी निर्दोष आहे, हा त्याचा आशय. आपल्या इतिहासातले ज्युरीवरचे सर्वांत प्रसिद्ध वाक्य ज्युरी नाकारणारे आहे. तेव्हा ज्युरीची बाजू घ्यायची तर आधी टिळकांना उत्तर द्यावे लागते.

१८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात नऊ जणांची ज्युरी होती. सहा युरोपियन, तीन हिंदी. निकाल सहा विरुद्ध तीन. १९०८ मध्ये सात युरोपियन आणि दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन. संशय येण्यासाठी एवढा हिशेब पुरे. पण टिळकांच्या बाजूचा आक्षेप केवळ वर्णाचा नव्हता. खटला होता 'केसरी'तल्या 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या लेखांवर. म्हणजे मराठीवर. शब्दाची छटा, उपरोध, म्हण, यांचा प्रश्न होता, आणि निर्णय देणाऱ्यांपैकी बहुतेकांना मराठी येत नव्हते. त्यांच्या हाती सरकारी भाषांतर. टिळकांनी स्वतःच आपली बाजू मांडली, एकवीस तासांहून अधिक वेळ, आणि त्यातला मोठा भाग शब्दांचे अर्थ समजावण्यात गेला. न्यायाधीश होते दावर, ज्यांनी १८९७ मध्ये वकील या नात्याने टिळकांचाच जामीन मागितला होता. सहा वर्षांची शिक्षा झाली, मंडाले झाले, मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला.

माझे म्हणणे असे की यात हरली ती ज्युरीची कल्पना नव्हे; ज्युरीची निवड हरली. 'विशेष ज्युरी' या गोंडस नावाखाली प्रतिष्ठितांची यादी, आणि त्या यादीतून नऊ. आरोपीच्या समाजातली, त्याची भाषा समजणारी नऊ माणसे असती तर टिळक सुटलेच असते असे मी म्हणणार नाही. पण मग तो खटला तरी झाला असता.

दुसरे नाव अर्थातच नानावटी. १९५९ च्या एप्रिलमध्ये नौदलाच्या कमांडर नानावटींनी प्रेम आहुजाला गोळ्या घातल्या. सत्र न्यायालयाच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने त्यांना निर्दोष ठरवले. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने त्यांच्या बाजूने रान उठवले होते. न्यायाधीशांनी निकाल न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, तिथे जन्मठेप झाली, १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १९६४ मध्ये राज्यपालांनी माफी दिली. नानावटीमुळे ज्युरी गेली, असे आपण सांगत आलो. ते अर्धसत्य आहे. सेटलवाडांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने चौदाव्या अहवालात, १९५८ मध्येच, म्हणजे गोळीबाराच्या आधी, ज्युरी रद्द करण्याची शिफारस केली होती. १९७३ च्या फौजदारी संहितेत तिला जागाच उरली नाही. आणि माफी देणारे कोण होते? ज्युरी नव्हे, सरकार. म्हणजे भावनेला बळी पडण्याचा मक्ता फक्त सामान्य माणसाकडे नाही.

आमच्याकडे हे होतेच की, असे म्हणणारे लगेच गोतसभा काढतात. होती, खरी आहे. वतनाच्या तंट्यात पाटील, कुलकर्णी, बलुतेदार जमत, महजर होई, त्यावर नांगराची, हातोडीची निशाणी उठे. १८१८ नंतर एल्फिन्स्टननेही पंचायती टिकवून पाहिल्या. पण त्या सभेत कोण कुठे बसे आणि कोणाला बसायलाच जागा नसे, हेही आठवावे. आणि त्याच वृक्षाची एक फांदी म्हणजे जातपंचायत, जिच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये कायदा करावा लागला. पाचामुखी परमेश्वर असतो की नाही ते पाच कोणी निवडले यावर ठरते.

गंमत म्हणजे भारतात ज्युरी पुरती मेलेली नाही, आणि ती शोधायला डहाणूकरांना फार दूर जायला नको. डहाणूच्या चिकूच्या वाड्या वाढवल्या त्या इराणी-पारशी कुटुंबांनी. त्यांच्या घटस्फोटाचे दावे १९३६ च्या पारशी विवाह कायद्याखाली चालतात, आणि त्यात वस्तुस्थितीचा निर्णय न्यायाधीश नव्हे तर समाजातले 'डेलिगेट' देतात. पूर्वी सात असत, १९८८ च्या दुरुस्तीने पाच झाले. पाचच! मात्र चिठ्ठी टाकून नव्हे, समाजाचे मत विचारून सरकारने दहा वर्षांसाठी नेमलेले. शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर आपल्या संसाराची लक्तरे का मांडायची, असा त्यावर आक्षेप आहे आणि मला तो पटतो. ओळखीतली ज्युरी ही ज्युरी नसते.

आता वाढवण. १९९१ मध्ये केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आदेश दिला आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण उभे राहिले. पी अँड ओ या कंपनीचे बंदर याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये अडवले. एका निवृत्त न्यायमूर्तींनी आणि काही तज्ज्ञांनी वीस वर्षे एका तालुक्याची राखण केली. धर्माधिकारी २०१९ मध्ये गेले. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने अटी घालून नव्या बंदराला संमती दिली, एप्रिल २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, जूनमध्ये मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींचा प्रकल्प मंजूर केला आणि ३० ऑगस्टला पंतप्रधानांनी पायाभरणी केली.

१९९८ चा निर्णय बरोबर आणि २०२३ चा चूक, असा सोपा निवाडा मी देत नाही. किनाऱ्याजवळ वीस मीटर नैसर्गिक खोली, मोठ्या जहाजांची गरज, रोजगार, या मुद्द्यांना वजन आहे. पण दोन्ही वेळा आम्ही बाहेर उभे होतो. आमच्या बाजूने लागला तेव्हा टाळ्या वाजवल्या, विरुद्ध गेला तेव्हा मोर्चे काढले. राखणदारावर विसंबून राहणाऱ्या वाडीचे असेच होते.

आणि भाषेचा प्रश्न पुन्हा आहेच. अधिसूचनेप्रमाणे स्थानिक भाषेत द्यायचा असतो तो अहवालाचा सारांश. भरतीच्या प्रवाहांची गणिते, गाळ कुठे जाईल, मासळीच्या पैदाशीचे काय, हे सगळे पूर्ण अहवालात, इंग्रजीत. १९०८ मध्ये मराठी न समजणाऱ्यांनी मराठीचा निवाडा केला. २०२४ मध्ये मराठी आणि वारली बोलणाऱ्यांनी ज्यावर मत द्यायचे तो मजकूर इंग्रजीत होता. सुक्या बोंबलाच्या दरापासून वाऱ्याच्या दिशेपर्यंत सारे ज्याला कळते तो कोळी त्या मंडपात अडाणी ठरतो, आणि मग आपण म्हणतो, लोक भावनिक बोलतात.

डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहेत. १९९६ च्या पेसा कायद्याने भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी सल्लामसलत सांगितली आहे. परंतु बंदराची १,४४८ हेक्टर जागा समुद्रात भराव घालून तयार होणार, म्हणजे ती कोणत्याच गावाची नाही! शंखोदरच्या खडकावर पिढ्यान्‌पिढ्या जाणाऱ्यांना, पापलेटाचे थवे कुठे येतात ते सांगणाऱ्यांना, समुद्र गावाबाहेर आहे हे कसे पटावे? ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. ते निकाल नव्हेत, निवेदने ठरली.

हे वेगळ्या रीतीने होऊ शकते, आणि आपल्याच देशात झालेले आहे. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या बॉक्साइटच्या खाणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये सांगितले की डोंगर तुमच्या देवाचा आहे की नाही ते ग्रामसभाच सांगतील. जिल्हा न्यायाधीश दर्जाचा निरीक्षक समोर बसला. बारा ग्रामसभा झाल्या, आणि बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने परवानगी नाकारली. बारा हा आकडा योगायोगाचा असेल, पण डोंगरिया कोंधांची ती ज्युरीच होती.

यावर एक रास्त शंका आहे. ज्याची होडी आणि जाळे पणाला लागले तो ज्युरीत कसा बसेल? बसू नये. त्याने साक्ष द्यावी. बंदराच्या अभियंत्यानेही द्यावी, आणि दोघांची उलटतपासणी व्हावी, मराठीत. ऐकायला बसावीत ती मतदारयादीतून चिठ्ठीने निघालेली, पालघर जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतली माणसे: जव्हारचा शिक्षक, वसईची परिचारिका, विक्रमगडचा शेतमजूर. आयर्लंडने २०१६ ते २०१८ या काळात अशा ९९ नागरिकांना एकत्र बसवून गर्भपातासारखा स्फोटक प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला आणि पुढे सार्वमत घेतले. तेथील लोक आपल्यापेक्षा शहाणे आहेत असे मानायला मी तयार नाही. रजा भरून मिळावी, भत्ता मिळावा, आणि नाव निघाल्यावर टाळाटाळ केली तर दंडही व्हावा.

अशा माणसांनी चार आठवडे ऐकून बंदर व्हावे असे म्हटले असते, तर वरोर-चिंचणीच्या कोळ्यांनी ते मानले असते का? सगळ्यांनी नाही. पण निदान कोणी निर्णय दिला, काय ऐकून दिला, हे त्यांना विचारता आले असते. सुनावणीच्या इतिवृत्ताला हा प्रश्न विचारता येत नाही. त्यात फक्त कोण काय बोलले एवढेच लिहिलेले असते.