पाच सेकंदांची मराठी

गेल्या हिवाळ्यात रामाकोन्याला जाणे झाले. हे गाव कुठे आले म्हणून पणजीत चौघांना विचारा, चौघेही नकारार्थी मान हलवतील. नागपूरहून छिंदवाड्याच्या वाटेवर सौसर ओलांडले की रामाकोना लागते. सगळा संत्र्यांचा मुलूख. १९५६ साली राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या तेव्हा हा पट्टा मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौसर मिळून छिंदवाड्यापासून वेगळा जिल्हा झाला. पण घरातली भाषा काही बदलली नाही. कचेरीत हिंदी, घरात वऱ्हाडी वळणाची मराठी. आम्हा गोवेकरांना याचे नवल ते काय? आम्ही घरात कोंकणी बोलतो, पेपर मराठी वाचतो आणि अर्ज इंग्रजीत भरतो!

ज्यांच्याकडे उतरलो होतो ते काकाजी रात्री जेवणानंतर मोबाईलवर भजन ऐकत बसले होते. मध्येच जाहिरात उगवली. अंधार, कडाडणारे संगीत, फणा काढलेला नाग, बाईची किंकाळी. काकाजींचा अंगठा तयारच होता. पाच सेकंद झाले आणि जाहिरात गेली, भजन परत सुरू.

मी म्हटले, "काकाजी, ती सर्पदंशाची माहिती होती. तुमच्या कामाची."

ते म्हणाले, "अरे भाऊ, साप का म्या पाह्यला नाही? बगीच्यात निंगतेच. चावल्यावर काय कराव लागते, थे सांगाव ना पयले!"

नंतर मी ती फीत शोधून पूर्ण पाहिली. अर्ध्या मिनिटाची. पहिली वीस सेकंदे भीती घालण्यात गेलेली. कामाचे वाक्य शेवटी, तेही असे: "सर्पदंशग्रस्त व्यक्तीस झाडफूकच्या चक्करमध्ये न पाडता तत्काळ नजीकच्या रुग्णालयात दाखल करावे." मूळ हिंदी वाक्य आरपार दिसत होते, पातळ रंगाखालून भिंत दिसावी तसे.

आता हसण्याआधी एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी अशीच एक संहिता माझ्या टेबलावर आली होती. डावीकडे दृश्य, उजवीकडे ध्वनी, दोन रकाने. "तुम्ही बी.ए. मराठी ना? संध्याकाळपर्यंत भाषांतर करून द्या." दिले की! मीही 'रुग्णालय' लिहिले, मीही 'तत्काळ' लिहिले. माझी आई आयुष्यभर 'इस्पितळ' म्हणत आली, रामाकोन्यात 'दवाखाना' म्हणतात. मग हे 'रुग्णालय' लिहिले कोणासाठी? साहेबांच्या सहीसाठी. तेव्हा दोष फक्त मुंबई-दिल्लीच्या जाहिरातवाल्यांचा नाही. आम्हा मराठीच्या पदवीधरांचाही आहे.

हल्ली जाहिरातीची संहिता कशी लिहावी हे शिकवणाऱ्यांचे पीक आले आहे. २०१० च्या अखेरीस यूट्यूबने पाच सेकंदांनंतर जाहिरात वगळण्याची सोय दिली, आणि तेव्हापासून या मंडळींचा एकच मंत्र: पहिल्या पाच सेकंदांत लक्ष खेचा. धक्का द्या, घाबरवा, कोडे घाला. मी म्हणतो, हा मंत्रच अर्धवट आहे. किंकाळीने मान वळते, मन वळत नाही. धक्का रोज बसू लागला की त्याचीही सवय होते, आणि अंगठा आणखी चपळ होतो.

जुन्या जाहिराती आठवा. दूरदर्शनवर १९७६ पासून जाहिराती आल्या. त्यानंतरच्या दशकातली सर्फची ललिताजी आठवते? पैशापैशाचा हिशेब करणारी, कोणाला न बधणारी गृहिणी. ती घडवणारे अलेक पदमसी सांगत की भाजीवाल्याशी घासाघीस करणाऱ्या आपल्या आईवरून ती सुचली. म्हणजे संहिता सूत्रातून नव्हे, घरातून आली. फेविकॉलची माणसांनी लगडलेली बस आठवा. संवाद जवळजवळ नाहीच, तरी रामाकोन्यापासून काणकोणपर्यंत सर्वांना कळली, कारण अशी बस सर्वांनी पाहिली होती. या लोकांनी लक्ष 'खेचले' नाही. ओळखीच्या माणसाला हाक मारली.

कोणी म्हणेल, एवढ्याशा मुलखासाठी वेगळी संहिता परवडते का? अहो, खर्च होतो तो चित्रीकरणावर, नटांवर आणि प्रसारणावर. तीस सेकंदांत साधारण साठ-सत्तर शब्द मावतात. ते गोव्यासाठी वेगळे आणि सातपुड्याच्या पायथ्यासाठी वेगळे लिहायला कागद किती लागतो? परवडत नाही ते शब्द नव्हेत. आपल्यासाठी विचार करणे परवडत नाही.

साबणाची जाहिरात फसली तर साबण खपणार नाही, एवढेच. पण २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यात मोठा वाटा खेड्यांचा. तिथे एक न कळलेले वाक्य महाग पडते. मग पहिल्या पाच सेकंदांत नाग कशाला? काकाजींसारखाच एखादा माणूस बांधावर उभा करा आणि त्याला बोलू द्या: "साप चावला? बांधू नका, कापू नका, पाय हलवू नका. सरळ दवाखान्यात न्या." झाले! आता वगळायचे तर खुशाल वगळा, काम झालेले आहे. गोव्यात 'दवाखान्यात' खोडून 'इस्पितळात' करा. भाषांतर म्हणून जी संहिता येते, ती लिहिणाऱ्याला एवढे बदलण्याचा अधिकार द्या, आणि चित्रीकरणापूर्वी ती गावातल्या चार माणसांना मोठ्याने वाचून दाखवा.

आमच्याकडे सकाळी पोदेर सायकलवरून येतो. त्याचा भोंगा दोन वेळा पोंय-पोंय वाजतो आणि अर्धा वाडा पिशवी घेऊन दारात येतो. तो किंचाळत नाही, घाबरवत नाही. भोंग्यामागे गरम पाव असतो, हे लोकांना ठाऊक असते म्हणून ते येतात.

परवा कचेरीत पुन्हा एक दोन रकान्यांचा कागद आला. यावेळी मी 'रुग्णालय' खोडले. सही अजून व्हायची आहे.