आधी काम लिहा, मग कॉम्प्युटर घ्या



बारावीचा निकाल लागला, की घराघरांत कॉम्प्युटरची बोलणी सुरू होतात. पाहुणा एक सांगतो, दुकानदार दुसरे सांगतो, आणि 40-50 हजार रुपये, म्हणजे पाच-सहा क्विंटल कापसाची रक्कम, वर्ध्याच्या बाजारात एका दुपारी हातची जाते. बैल घ्यायचा तर आपण चार बाजार फिरतो, दात पाहतो, चालवून पाहतो. कॉम्प्युटरला मात्र खोक्यावरचे चित्र पाहून होकार देतो.

यंत्र कसे पारखावे याचा फार चांगला धडा सूत कातणाऱ्यांनी घालून दिला आहे. गांधीजी 1936 साली आपल्या सेवाग्रामला राहायला आले. त्याआधी, 1929 साली, अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी 1 लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. अटी काय होत्या पाहा. चरखा वजनाला हलका असावा, खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालावा. बाईमाणसाला फार श्रम न होता तो सलग 8 तास चालवता यावा व तेवढ्यात 16,000 फूट सूत निघावे. किंमत 150 रुपयांवर जाऊ नये, चरखा 20 वर्षे टिकावा, झीज-दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या 5 टक्क्यांत बसावा. बक्षीस कोणालाच मिळाले नाही ही गोष्ट वेगळी. पण चालवणार कोण, कुठे, किती वेळ, काम किती निघणार आणि मोडले तर खर्च किती, हे सारे यंत्र पाहण्याआधीच कागदावर आले होते.

तसाच एक कागद आज रात्री जेवणे झाल्यावर घरात लिहा. लिहिताना घरच्या बाईलाही विचारा, कारण बचत गटाचा हिशेब तिच्याकडे असतो.

त्या कागदावर फक्त सातबारा, बाजारभाव, हवामान आणि पीक विमा एवढेच आले, तर कॉम्प्युटर घेऊच नका. ही कामे मोबाईलवर होतात. ई-पीक पाहणी तर वावरात उभे राहून मोबाईलनेच करायची असते. वर्षातून दोन-चार अर्ज भरायचे असले, तर सेवा केंद्राची फी कितीतरी स्वस्त पडते.

मूल शिकत असेल तर प्रश्न वेगळा. कला किंवा वाणिज्य शाखा, टंकलेखन, हिशेब, ऑनलाईन वर्ग यांना साधा कॉम्प्युटर पुरतो. दुकानदार रॅम आणि साठवण हे दोन शब्द बोलतो. रॅम म्हणजे खळे आणि साठवण म्हणजे कोठार, असे समजा. खळे मोठे असले, की एका वेळी जास्त कामे पसरता येतात. काम संपले, वीज गेली, की खळे रिकामे. कोठारातला माल मात्र राहतो. खळे 8 जीबीचे आणि कोठार 256 किंवा 512 जीबीचे असले, की अशा घराचे भागते. कोठार एसएसडी जातीचेच मागा. त्यात फिरणारा भाग नसतो, त्यामुळे काम झटपट होते आणि एस.टी.चे धक्केही ते सोसते. वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते ते मोठी रेखाचित्रे, व्हिडिओचे काम आणि खेळ यांना. तासाभरात उपसणाऱ्या विहिरीवर आपण 5 एच.पी.चा पंप बसवतो का? मूल इंजिनिअरिंगला असेल तर कोणता कॉम्प्युटर लागेल ते कॉलेजातच विचारा, दुकानात नव्हे.

टेबलावरचा घ्यावा की लॅपटॉप? टेबलावरचा त्याच पैशात जास्त काम देतो आणि त्याचा एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. पण आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा त्याच्याबरोबर यू.पी.एस.चा खर्च धरा. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. मात्र मुलगा नागपूरच्या वसतिगृहात गेला की लॅपटॉपही जातो, आणि दहावीतली धाकटी मुलगी पुन्हा मोबाईलवरच अभ्यास करते. हा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. दोन्हींपैकी काहीही घ्या, वर्ध्याच्या मे महिन्यात ते टिनाच्या छताखाली ठेवू नका आणि घरातले अर्थिंग तपासून घ्या.

जुना कॉम्प्युटर स्वस्तात मिळतो, त्यात विंडोज 10 असले तर सावध राहा. तिला मिळणारा नेहमीचा मोफत सुरक्षा-पुरवठा 14 ऑक्टोबर 2025 रोजी बंद झाला, आणि पुष्कळ जुनी यंत्रे विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत. अशा यंत्रावर लिनक्स फुकट चढवता येते. लिहिणे-वाचणे आणि इंटरनेट एवढे काम त्यावर बरे चालते. पण ते शिकवणारा माणूस जवळ हवा.

दुकानात गेल्यावर आपल्या गावाचे नाव मराठीत टाईप करून दाखवायला सांगा. युनिकोड मराठी विंडोजमध्ये असतेच, त्यासाठी वेगळे पैसे मोजायचे नाहीत. दुरुस्ती वर्ध्यात होते की नागपूरला न्यावे लागते, हेही तिथेच विचारा. पक्के बिल घ्या, त्यावरचा क्रमांक यंत्राच्या खाली छापलेल्या क्रमांकाशी जुळवून पाहा, मग पैसे द्या.