खाटेचा खर्च सरकारचा, चालण्याचा कुणाचा?

नोटाबंदीच्या गदारोळात वाहून गेलेल्या २०१६ च्या हिवाळी अधिवेशनात संसदेने एक काम मात्र पार पाडले. तिने दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा संमत केला. १९९५ च्या कायद्यातील सात प्रकारांची यादी त्यामुळे एकवीसवर गेली आणि तीत मल्टिपल स्क्लेरोसिसचे नाव प्रथमच आले. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणाच मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंच्या आवरणाला इजा करते. तो बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान गाठतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होतो. बहुतेकांत तो आधी झटक्याने येतो व ओसरतो. त्यांतल्या अनेकांत पुढे, आणि दहा ते पंधरा टक्के रुग्णांत पहिल्यापासूनच, तो न ओसरता वाढत जातो. मला लिहायचे आहे ते या वाढत्या प्रकाराविषयी, कारण आपल्या आरोग्यधोरणातील मोठी विसंगती तेथे उघडी पडते.

झटक्यांच्या प्रकारावर आज बरीच औषधे आहेत. पहिल्यापासून वाढत जाणाऱ्या प्रकारासाठी पहिले औषध अमेरिकेत मंजूर झाले ते २०१७ साली. तेही आजाराचा वेग कमी करते. गेलेली शक्ती परत आणत नाही. अशा रुग्णाचा दिवस कसा जाईल हे ठरते ते पुनर्वसनावर. (हा शब्द उच्चारताच आपल्याला धरणग्रस्त आठवतात, यातच बरेच काही आले.) पायांचा ताठरपणा औषधाने आणि नियमित ताणाच्या व्यायामाने आटोक्यात राहतो. थकवा हे या आजाराचे सर्वांत छळणारे, पण इतरांना न दिसणारे लक्षण. त्यासाठी दिवसाची कामे कशी विभागावीत, हे व्यवसायोपचारतज्ज्ञ शिकवतो. पूर्वी अशा रुग्णांना व्यायाम टाळायला सांगत. आता तो उपचाराचाच भाग मानला जातो.

उष्णतेचा मुद्दा तर खास आपला आहे. शरीराचे तापमान किंचित वाढले तरी या रुग्णांची दृष्टी अंधुक होते, पाय साथ सोडतात. शारीरिक श्रमानंतर दृष्टी अशी तात्पुरती अंधुक होते, हे विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रवैद्याने १८९० मध्येच नोंदवले होते. शरीर थंड झाले की लक्षणे उतरतात. मे महिन्यात झाशीला किंवा बांद्याला वीज गेली की तेथील रुग्णाचे चालणेच थांबते. त्याच्यासाठी कूलर हे उपचाराचे साधन आहे; आपण मात्र त्याला चैन समजतो.

माझ्या परिचयातील कानपूरच्या एक बँक अधिकारी गेली सहा वर्षे घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचे शुल्क पदरचे भरतात. विमा कंपनीने दावा नाकारला, कारण त्या रुग्णालयात दाखल नव्हत्या. सरकारी योजनेची रचनाही फारशी वेगळी नाही. आयुष्मान भारत योजना कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण देते, पण ते मुख्यतः दाखल रुग्णाला; बाह्यरुग्ण विभागातील उपचार तीत येत नाहीत. या आजारात मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही. दिवसातून काही वेळा स्वच्छ नळी घालून ते स्वतः रिकामे करण्याचे तंत्र परिचारिका शिकवू शकते. त्या नळ्यांचा आणि शिकवणीचा खर्च कुणी उचलत नाही. पुढे जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचला आणि रुग्ण दाखल झाला, की मात्र सरकार पैसे मोजते. अंथरुणात पडून होणाऱ्या जखमांचेही तेच.

आजार वाढतच जाणार, मग त्यावर सार्वजनिक पैसा कशाला, असे एका निवृत्त सचिवांनी मला सरळच विचारले. प्रश्न निष्ठुर असला तरी टाळण्याजोगा नाही. माझे उत्तर असे की, हा खर्च आजही होतोच. तो नोकरी सोडून घरी बसलेल्या पत्नीच्या किंवा मुलीच्या नावावर पडतो आणि कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही. रुग्ण आणखी पाच वर्षे स्वतः उठून स्नानगृहापर्यंत जाऊ शकला, तर तेवढी वर्षे घरातील दुसरी व्यक्ती कमावती राहते.

नमुना सरकारकडेच आहे. राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना वर्षाला एक लाखापर्यंत बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीचाही खर्च देते. मात्र ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता या चारच गटांपुरती आहे, कारण न्यासाचा कायदा १९९९ चा आहे. २०१६ ची यादी त्याच्यापर्यंत पोचलेलीच नाही. सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षणाच्या कलमातही या आजाराचे नाव नाही.

वेल्लोर, बेंगळुरूची निमहान्स आणि मुंबईतील हाजी अलीची संस्था येथे पुनर्वसनाचे उत्तम काम चालते. पण दर आठवड्याचा, जन्मभराचा उपचार घेण्यासाठी बांद्याचा माणूस वेल्लोरला जाणार नाही. न्यासाचा कायदा दुरुस्त करून निरामयची दारे मज्जासंस्थेच्या दीर्घकालीन आजारांना उघडावीत. आणि जिल्हा रुग्णालयात एक फिजिओथेरपिस्ट, एक व्यवसायोपचारतज्ज्ञ आणि नळीचे तंत्र शिकवणारी एक परिचारिका, एवढी तीन पदे आधी भरावीत.